पायथनच्या पहिल्या अभ्यासक्रमासाठी डिजिटल साहित्य निवडताना: तीन पर्यायांची तुलना

नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या पहिल्या वर्षाला पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा दोन क्रेडिटचा अभ्यासक्रम आखण्याचे काम वाणिज्य किंवा कला शाखेच्या प्राध्यापकांकडेही येऊ लागले आहे. एक क्रेडिट तासिकांचे आणि एक प्रात्यक्षिकांचे धरले, तर हाती 15 आणि 30 असे एकूण 45 तास येतात. समोरचे बरेच विद्यार्थी बारावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेले असतात. त्यांच्याकडे मोबाइल असतो, पण घरी संगणक असतोच असे नाही. अशा वर्गासाठी साहित्य शोधताना तीन पर्याय हमखास पुढे येतात: एनपीटीईएलवरचा (आयआयटी व आयआयएससीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा उपक्रम) आयआयटी रोपरचा ‘जॉय ऑफ कम्प्युटिंग युजिंग पायथन’, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातील पायथन मालिका आणि पायथनच्या संकेतस्थळावरील अधिकृत ट्युटोरियल. तिन्ही मोफत पाहता-वाचता येतात आणि आपापल्या जागी तिन्ही चांगली आहेत. म्हणून ‘सर्वांत चांगले कोणते’ असे न विचारता, आपल्या 45 तासांपैकी कोणता तास कोणाच्या हवाली करायचा, हे ठरवावे.

एनपीटीईएलच्या अभ्यासक्रमाचे बलस्थान उदाहरणांत आहे. सापशिडी, माँटी हॉलचे कोडे, पेज रँक (संकेतस्थळांची पाने महत्त्वानुसार लावण्याची गूगलची पद्धत) अशा गोष्टींतून तो पुढे सरकतो आणि सुरुवात थेट पायथनने न करता स्क्रॅच या नवशिक्यांसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेतल्या चित्ररूप ठोकळ्यांनी करतो. प्रोग्रामिंगची धास्ती घेतलेल्या विद्यार्थ्याला अशी सुरुवात मानवते. मात्र निवेदन इंग्रजीत आहे, आणि 12 आठवड्यांचा हा अभ्यासक्रम साधारण तीन क्रेडिटचा धरला जात असल्याने आपल्या दोन क्रेडिटच्या चौकटीत तो सबंध बसवणे म्हणजे नऊवारी लुगड्याची पाचवारी करण्यासारखे आहे. काही घड्या कापाव्याच लागतात.

स्पोकन ट्युटोरियलची घडण वेगळी आहे. साधारण दहा मिनिटांचा एक धडा असतो आणि पडद्याच्या अर्ध्या भागात तो लावून उरलेल्या अर्ध्या भागात विद्यार्थ्याने तेच काम स्वतः करत जावे, अशी त्याची रचना असते. अनेक भारतीय भाषांमध्ये ध्वनिमुद्रण करताना पडद्यावरचे दृश्य मूळचेच ठेवले जाते आणि निवेदन तेवढे बदलते. प्रोग्रामिंगसाठी ही सोय विशेष उपयोगी आहे, कारण पायथनचे शब्द एरवीही इंग्रजीच राहणार असतात आणि कानावर पडणारे स्पष्टीकरण मराठीत असले की विद्यार्थ्याचे अर्धे ओझे उतरते. मात्र प्रत्येक मालिकेचा प्रत्येक धडा प्रत्येक भाषेत असतोच असे नाही, त्यामुळे आपल्याला हव्या असलेल्या प्रकरणासमोर मराठीचा पर्याय दिसतो का, हे एकेक धडा उघडून पाहावे. हे साहित्य क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश आणि समान-वाटप परवान्याखाली असल्याने, मूळ निर्मात्यांचा उल्लेख करून व तोच परवाना ठेवून, राहिलेल्या धड्याला स्वतःच्या आवाजात मराठी निवेदन देण्यास प्राध्यापकाला आडकाठी नाही. शिवाय धडे उतरवून घेता येत असल्यामुळे इंटरनेट बेभरवशाचे असलेल्या प्रयोगशाळेतही ते चालतात.

तरीही ही मालिका पहिल्या धड्यापासून शेवटपर्यंत ओळीने लावावी, असे मी म्हणणार नाही. ती विज्ञान-अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना नजरेसमोर ठेवून बांधलेली आहे. आयपायथनच्या (पायथनच्या आज्ञा एकेक करून चालवून पाहण्याचे साधन) ओळखीनंतर लगेच आलेख काढणे येते, तर याद्या आणि लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करवणारी रचना) पुढे येतात. बी.कॉम.च्या मुलीला साइनचा आलेख आधी आणि पगारपत्रकाची बेरीज नंतर, हा क्रम उलटा वाटेल.

आवृत्तीचा मुद्दा याहून गंभीर आहे. स्पोकन ट्युटोरियलवर पायथन 2 च्या काळातील एक जुनी मालिका आहे आणि एक पायथन 3.4.3 वर आधारलेली आहे. पायथन 2 चा आधार 1 जानेवारी 2020 रोजी संपला. त्या काळातील, पडद्यावर मजकूर दाखवणारी प्रिंटची आज्ञा कंसाविना लिहिलेली असे आणि आजच्या संगणकावर ती जशीच्या तशी टंकली, तर चूक दाखवली जाते. नवखा विद्यार्थी अशा वेळी धड्याला दोष देत नाही, स्वतःला देतो. म्हणून जुनी मालिका सरळ वगळावी. 3.4.3 ची मालिका चालेल, परंतु मजकुरात चलाची किंमत गुंफण्याची आज सर्रास वापरली जाणारी एफ-स्ट्रिंग ही पद्धत 3.6 पासून आली असल्यामुळे ती वर्गात स्वतंत्रपणे शिकवावी लागेल.

अधिकृत ट्युटोरियल याबाबतीत निर्धोक आहे, कारण ते प्रत्येक आवृत्तीबरोबर अद्ययावत होते. मात्र ते प्रोग्रामिंग येणाऱ्या, पण पायथन नवीन असलेल्या वाचकासाठी आहे, असे त्यातच नमूद केलेले आहे. ते प्राध्यापकाच्या टेबलावर असावे, विद्यार्थ्याच्या हाती पहिल्या महिन्यात देऊ नये.

मूल्यमापनाच्या अंगाने एनपीटीईएल सज्ज आहे: 25 गुण स्वाध्यायांचे आणि 75 गुण देखरेखीखालील सशुल्क परीक्षेचे. यूजीसीच्या 2021 च्या विनियमांनुसार एका सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयमवरून (एनपीटीईएलचे अभ्यासक्रम ज्यावर चालतात ते केंद्र सरकारचे ऑनलाइन व्यासपीठ) पूर्ण करण्याची मुभाही आहे. परंतु हे अभ्यासक्रम जानेवारी आणि जुलैच्या ठरलेल्या वेळापत्रकाने चालतात. प्रवेशप्रक्रियाच लांबली, तर पहिले स्वाध्याय वर्ग भरण्याआधीच निघून जातात. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या सबंध वर्गावर ही परीक्षा लादण्याऐवजी ज्यांना झेपेल त्यांच्यासाठी ती ऐच्छिक ठेवणे मला अधिक योग्य वाटते.

माझी निवड सांगायची, तर प्रात्यक्षिकांच्या 30 तासांचा कणा स्पोकन ट्युटोरियलचा असावा, पण क्रम आपला: चले, अटी, लूप, याद्या, फाइल आणि शेवटी आलेख. स्वाध्याय किराणा दुकानाची उधारी, एसटीचे भाडे, दूध संकलनाची नोंद अशा हिशेबांवर प्राध्यापकाने स्वतः रचावेत. तासिकांच्या 15 तासांपैकी चार-पाच तासांना एनपीटीईएलचे निवडक व्हिडिओ जोडावेत, तेही आधी मराठीत विषय उलगडून झाल्यावर. वेळापत्रक विभागप्रमुखांकडे देण्यापूर्वी प्रयोगशाळेतल्या सर्वांत जुन्या संगणकावर, विद्यार्थ्याच्या लॉगिनने बसून, निवडलेल्या प्रत्येक धड्यातील प्रत्येक ओळ एकदा स्वतः टंकून चालवावी. जो धडा तिथे अडेल, त्याचा पर्याय त्याच दिवशी शोधावा.