उसिकसमोर पुढे कोण? काबायेल, वॉर्डली आणि इटाउमा यांची दावेदारी

मुष्टियुद्धातल्या हेवीवेट या सगळ्यात वजनदार गटाच्या जगज्जेतेपदाची लढत कोणाला मिळावी, यावरचे वाद बहुधा रेकॉर्डच्या आकड्यांपासून सुरू होतात आणि तिथेच फसतात. वीस लढती, वीस विजय हे ऐकायला भारी वाटतं. पण त्या वीस जणांत चांगल्या भरात असलेले किती, उतरणीला लागलेले किती आणि ऐनवेळी बोलावून उभे केलेले किती, हे पाहिल्याशिवाय तो आकडा काहीच सांगत नाही. इथे डिसेंबर २०२५ पर्यंतचे निकाल धरले आहेत. युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिककडे तेव्हा डब्ल्यूबीसी, डब्ल्यूबीए आणि आयबीएफ या संघटनांचे तीन जागतिक किताब होते. चौथा, डब्ल्यूबीओचा, त्याने नोव्हेंबरमध्ये सोडला आणि तो ब्रिटनच्या फाबियो वॉर्डलीकडे गेला.

मोठी नावं आधी बाजूला काढू. टायसन फ्युरी, अँथनी जोशुआ आणि डॅनियल डुबुआ हे तिघंही उसिककडून दोन-दोनदा हरले आहेत. फ्युरीची पहिली लढत (मे २०२४) अटीतटीची होती, पण डिसेंबरच्या दुसऱ्या लढतीत तिन्ही जजांनी उसिकच्या बाजूने ११६-११२ असेच गुण दिले. तिसऱ्या लढतीने तिकिटं खपतील. तो दावेदारीचा मुद्दा होत नाही.

उरलेल्यांत सगळ्यात भक्कम कागद जर्मनीच्या आगित काबायेलचा. २६ लढती, २६ विजय. यातले तीनच विजय तपासले तरी पुरे. डिसेंबर २०२३मध्ये अर्सलानबेक मखमुदोव (तोवर १८ विजय, हार नाही) चौथ्या फेरीत संपला. मे २०२४मध्ये फ्रँक सांचेझ (२४ विजय, हार नाही) सातव्या फेरीत. फेब्रुवारी २०२५मध्ये झांग झिलेई सहाव्या फेरीत, आणि त्यासोबत डब्ल्यूबीसीचा अंतरिम, म्हणजे मुख्य जगज्जेत्याच्या खालोखालचा, तात्पुरता किताब. सांचेझ दुखऱ्या गुडघ्याने उतरला होता आणि झांग चाळिशी ओलांडलेला होता, तेवढी सूट द्यावी लागेल. तरीही चौदा महिन्यांत अशा तिघांना वेळेआधी संपवणारा दुसरा कोणी या यादीत नाही.

तिघंही पोटावरच्या ठोशांनी पडले, हे जास्त महत्त्वाचं. उजव्या बाजूच्या खालच्या बरगड्यांमागे यकृत असतं. तिथे नेमका ठोसा बसला की क्षणभर काहीच होत नाही. मग रक्तदाब घसरतो, श्वास अडकतो आणि गुडघे आपोआप वाकतात. हनुवटीवर खाल्लेल्याला बहुतेक वेळा मोजणी ऐकूच येत नाही. यकृतावर खाल्लेला रेफरीचे आकडे नीट ऐकतो, उठायचंही ठरवतो, पण शरीर ऐकत नाही. ‘टणक आहे, सोसेल’ हा हिशेब इथे चालत नाही.

मग सगळेच पोटावर का मारत नाहीत? कारण त्यासाठी समोरच्याच्या पल्ल्यात शिरावं लागतं, गुडघ्यात वाकावं लागतं आणि मारणारा हात खाली जातो तेव्हा त्या बाजूचा जबडा उघडा पडतो. काबायेलने याची किंमत मोजली आहे: झांगच्या डाव्या हाताने तो पाचव्या फेरीत खाली गेला होता. झांग डावखुरा. उसिकही डावखुरा, आणि त्याचा सरळ डावा झांगपेक्षा कितीतरी लवकर येतो.

दुसऱ्या बाजूने पाहा. डावखुऱ्या पवित्र्यात उजवी बाजू पुढे असते, म्हणजे यकृतही पुढे. ऑगस्ट २०२३मध्ये पोलंडमध्ये डुबुआचा एक ठोसा उसिकच्या पट्ट्याच्या जागी बसला. रेफरीने तो नियमबाह्य ठरवला आणि उसिकला सावरायला काही मिनिटं मिळाली. तो ठोसा पट्ट्याखाली होता की नाही, यावर अजून जुंपते. पण पोटावर सातत्याने, फेरीमागून फेरी काम करणारा हेवीवेट उसिकला अजून भेटलेला नाही. अडचण पायांची आहे. झांग जागेवर उभा राहतो. उसिक पुढचा पाय प्रतिस्पर्ध्याच्या पुढच्या पायाबाहेर टाकून कोनात सरकतो आणि पोट समोर ठेवतच नाही. काबायेल जिंकेल असं म्हणणं धाडसाचं ठरेल. पण संधीवर हक्क असणं आणि जिंकण्याची शक्यता असणं, या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

वॉर्डलीची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या हातात डब्ल्यूबीओचा किताब असल्यामुळे उसिकशी लढत झाली तर ती किताब एकत्र आणणारी होईल. हौशी मुष्टियुद्धाचा पाया नाही, नोकरदारांच्या मौजेखातर होणाऱ्या ‘व्हाइट-कॉलर’ लढतींमधून तो वर आला, आणि ते दिसतं: जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मंद, डोकं एकाच रेषेत, बचाव ढिला. जून २०२५मध्ये जस्टिस हुनीविरुद्ध तो तिन्ही जजांच्या पत्रकांवर मागे होता आणि दहाव्या फेरीतल्या एका उजव्या हाताने जिंकला. ऑक्टोबरमध्ये जोसेफ पार्करविरुद्धही गुणांत मागेच, अकराव्या फेरीत लढत थांबली आणि तो जिंकला. रेफरीने घाई केली अशी कुरकुर झाली. दहाव्या-अकराव्या फेरीपर्यंत ताकद टिकवणं हा मोठा गुण आहे, पण तेवढा वेळ मार खाऊन शेवटी एक संधी मिळेल हा बेत उसिकसमोर महागात पडेल. मागे पडलेल्याला तो पुन्हा लढतीत येऊ देत नाही.

पार्कर त्या पराभवाने रांगेत मागे गेला. त्याच्या खात्यातला मार्टिन बाकोलेवरचा विजयही जपून वाचावा: बाकोले दोन दिवसांच्या सूचनेवर आला होता आणि वजनकाट्यावर सुमारे १४३ किलो भरला. प्रतिस्पर्ध्याचं आधीच्या लढतीतलं वजन आणि या वेळचं वजन शेजारी ठेवून पाहायची सवय लावली, तर निम्मे फुगीर विजय तिथेच उघडे पडतात.

मोझेस इटाउमावर सध्या सगळ्यांचा जीव आहे, आणि का ते समजतं. ऑगस्ट २०२५मध्ये डिलियन व्हाइटला त्याने ११९ सेकंदांत संपवलं. १३ लढती, १३ विजय, ११ नॉकआउट, वय जेमतेम विशीचं. हातांचा वेग या गटात शोभत नाही इतका. मात्र त्याची आजवरची सगळ्यात लांब लढत सहा फेऱ्यांची. जगज्जेतेपदाची लढत बारा फेऱ्यांची असते. सातव्या फेरीत हात जड झाले, नाकातून रक्त आलं, समोरचा अजून उभाच आहे, अशा वेळी तो काय करतो हे कोणालाच माहीत नाही. व्हाइट ३७ वर्षांचा होता, हेही विसरू नये. दहा फेऱ्या खेचणारा एखादा चिवट प्रतिस्पर्धी आधी द्या, मग बोलू.

म्हणून क्रम असा: काबायेल, मग वॉर्डली, आणि इटाउमा बराच मागे.

आता रांगेची गंमत. अंतरिम किताबाने काबायेलला कागदोपत्री पहिला हक्क मिळतो, पण तीन किताब एकाच्या हातात असले की प्रत्येक संघटनेने नेमलेल्या आव्हानवीराशी होणाऱ्या सक्तीच्या लढती पाळीपाळीने येतात आणि आव्हानवीर ताटकळतो. फिलिप हर्गोविचने ऑगस्ट २०२२मध्ये झांगला हरवून आयबीएफची पात्रता लढत जिंकली. पाळी यायला २०२४ उजाडलं. त्या वर्षीच्या १ जूनला तो डुबुआकडून हरला, त्याच महिन्यात उसिकने आयबीएफचा किताब सोडला आणि तो न लढता डुबुआकडे गेला. तेव्हाचा जगज्जेता रिडिक बो याने तर १९९२मध्ये लेनॉक्स लुईसशी लढण्याऐवजी डब्ल्यूबीसीचा पट्टा सरळ कचरापेटीत टाकला होता. उसिक डिसेंबर २०२५मध्ये ३९च्या उंबरठ्यावर होता आणि डब्ल्यूबीओचा किताब सोडताना त्याने फार वेळ घेतला नाही. डब्ल्यूबीसीबाबतही तसंच झालं तर काबायेल रिंगमध्ये पाय न ठेवता जगज्जेता होईल, आणि उसिकच्या पोटाचं काय, हा प्रश्न तसाच राहील.