प्रोस्टेट मसाजर: सात महिन्यांनंतर

कुरिअरवाल्याला मी 'मानेचा मसाजर आहे' असं सांगितलं. बायकोला मात्र खरं सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, "पैसे फुकट घालवलेस."

पहिले दोन महिने तिचंच खरं होतं. गुदद्वारातून आत घालून प्रोस्टेट दाबायची, त्यातून सुख मिळवायची ही वस्तू साधीच, बोटाएवढी जाड, पुढे वाकलेली, सिलिकॉनची. मोटार नाही, बॅटरी नाही. बूड मात्र रुंद. ते नसेल तर घेऊच नका, आत सरकली तर थेट सिव्हिल गाठावं लागेल. प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्राशयाच्या खाली असते. गुदद्वारातून दोन-अडीच इंच आत, पोटाच्या बाजूला ती लागते. पण ठिकाण सापडलं म्हणून काम झालं असं नाही. मला नुसती लघवीला लागल्यासारखी भावना व्हायची. मग मी आणखी जोर लावायचो, आवळायचो, घामाघूम व्हायचो.

आमच्या मागच्या गल्लीत यंत्रमाग आहेत, दिवसभर खडखड. मार्चमधल्या एका दुपारी लाइट गेली, माग थांबले, पंखाही थांबला. कंटाळून प्रयत्न सोडला आणि नुसता श्वास घेत पडून राहिलो. दहा-पंधरा मिनिटांनी ओटीपोटात ऊब जाणवली, मांड्या आपोआप थरथरायला लागल्या आणि एक लांब लाट छातीपर्यंत आली. लिंग शिथिलच होतं. वीर्य नाही, फक्त थोडा पातळ चिकट द्रव. पाच मिनिटांनी दुसरी लाट! वीर्यपतनानंतर शरीर जसं गळून जातं, तसं इथे झालंच नाही. कळस, म्हणजे सुखाचा परमोच्च क्षण, आणि वीर्यपतन या दोन वेगळ्या क्रिया आहेत हे वाचलं होतं, पटलं त्या दिवशी.

योगातल्या मूलबंधाची, म्हणजे गुदद्वाराजवळचे स्नायू आवळण्याची, सवय असेल तर उपयोग होतो, पण हलका आवळून सोडायचा, धरून ठेवायचा नाही. आणि हे 'वीर्य वाचवणं' नव्हे. धातूच्या नावानं घाबरवणाऱ्या जाहिराती भिंतींवर कमी आहेत का? वीर्य साठवून ताकद वाढत नाही. माझं नेहमीचं वीर्यपतन चालूच आहे.

तक्रारीही आहेत. तीन वेळांतून एकदाच जमतं. वंगण म्हणून आधी सिलिकॉनचं जेल वापरलं, त्यानं मसाजरचा पृष्ठभाग चिकट झाला, नवा घ्यावा लागला. पाण्याचं जेल घ्या, लवकर सुकतं म्हणून पुन्हा लावावं लागतं. शेंगाचटणी-भाकरीवर ताव मारून मूळव्याध उठली तेव्हा पंधरा दिवस बंद ठेवलं. प्रोस्टेटला सूज, ताप, लघवीला जळजळ असेल तर हात लावू नका, आधी डॉक्टर.

धुवायला साबण आणि भरपूर पाणी लागतं. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे आमचा बेत पाण्याचा दिवस बघूनच ठरतो. आता बायकोच आठवण करते, "आज नळ आलाय बरं का."