२०२६ चं भिंतीवरचं कॅलेंडर, सुट्ट्या बघायला घेतलं त्याचा रिव्ह्यू

फोनमध्ये फुकट कॅलेंडर असताना भिंतीला कागद कशाला लटकवायचा असं ज्यांना वाटतं त्यांनी इथेच थांबा, आपलं जमायचं नाही. जयंतराव साळगावकरांनी १९७३ ला कालनिर्णय काढलं तेव्हापासून मराठी घरात पंचांग आणि कॅलेंडर एकाच खिळ्यावर आहे आणि आता त्याच धाटणीची ढीगभर कॅलेंडरं बाजारात असतात. मी घेतलं ते एका छोट्या प्रेसचं, स्टेशनबाहेरच्या पेपरवाल्याकडून. नाव टाकत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत.

आधी चांगलं सांगतो. मार्चचं पान उघडा. ३ ला धुळवड, १९ ला पाडवा, २१ ला रमजान ईद, २६ ला रामनवमी, ३१ ला महावीर जयंती, लगेच पान उलटलं की ३ एप्रिलला गुड फ्रायडे. एवढं सगळं महिनाभरात, आणि प्रत्येकाचा हिशोब वेगळा, कोणाचा तिथीवर, कोणाचा चंद्र दिसण्यावर, कोणाचा ईस्टरच्या रविवारावर. ईदच्या चौकोनात बारीक अक्षरात ‘चंद्रदर्शनानुसार’ छापलंय, हे मला फार आवडलं, नाहीतर लोक लाल आकडा बघून तिकीट काढून मोकळे होतात. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, त्यामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. आपल्याकडे पण तेच झालं असतं पण आपण मध्येच अधिक महिना घुसवतो. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून, आणि या कॅलेंडरने ते सगळे दिवस फिकट पिवळ्या पट्टीत दिलेत, म्हणजे न शोधता कळतं की गणपती २०२५ ला २७ ऑगस्टला होते ते यंदा थेट १४ सप्टेंबरला का गेले. कोकणात जाणाऱ्यांना हे किती कामाचं आहे ते सांगायला नको, रेल्वेचं रिझर्वेशन आता साठ दिवस आधी उघडतं, तारीख आधीपासून डोळ्यासमोर पाहिजे.

आता तक्रार नंबर एक. लाल म्हणजे नक्की कोणाची सुट्टी? राज्य सरकारची यादी निघते ती १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स (चेक-हुंड्यांच्या) कायद्याखाली, बँका त्यावर चालतात, केंद्राची यादी वेगळी, आणि आमच्यासारख्या प्रायव्हेटवाल्यांना महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्यात (वीस किंवा जास्त माणसं असली तर) आठ पगारी सुट्ट्या, त्यात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर फिक्स आणि उरलेल्या चार मालकाशी ठरवायच्या. कॅलेंडरला यातलं काही पडलेलं नाही, सगळं सरसकट लाल. मग आई दर वेळी विचारते, अरे लाल आहे ना, मग तू डबा का मागतोयस? काय सांगणार. केंद्र, राज्य, बँक अशा तीन बारक्या खुणा चौकोनात टाकायला कितीशी शाई लागते? आणि दुसरा-चौथा शनिवार, जो २०१५ च्या सप्टेंबरपासून बँका बंद असतो, त्याला तर काहीच खूण नाही. राशिभविष्याला मात्र पान भरून जागा आहे.

मे महिन्याचा पहिला चौकोन बघून हसू आलं. महाराष्ट्र दिन आणि बुद्ध पौर्णिमा एकाच दिवशी, शुक्रवारी, त्यात पौर्णिमेचा गोल, नक्षत्र, कामगार दिन, सगळं कोंबलंय, भिंग लावून वाचा. तसंच १५ ऑगस्ट आणि पारशी नववर्ष शनिवारी एकत्र, म्हणजे पाच दिवसांचा आठवडा असणाऱ्यांच्या दोन सुट्ट्या एका फटक्यात गेल्या. महाशिवरात्र पण रविवारीच. नोव्हेंबरची दिवाळी तर बघवत नाही. पहिली आंघोळ आणि लक्ष्मीपूजन दोन्ही रविवारी ८ ला, पाडवा मंगळवारी १० ला, आणि मधला ९ तारखेचा सोमवार काळा, बिचारा. त्या दिवशी रजेचे अर्ज किती पडणार ते एचआरलाच माहीत. तसंही नरक चतुर्दशी राज्याच्या सुट्ट्यांच्या यादीत नसतेच, अख्खा महाराष्ट्र पहाटे उटणं लावतो त्या दिवशी, तरी. यात कॅलेंडरवाल्याची काय चूक म्हणा, पण चिडचिड होते.

एक गोष्ट कागदाला कधीच जमणार नाही. मुंबईत विसर्जनाची मिरवणूक आणि ईदचा जुलूस जवळजवळ आले की सुट्टीची तारीख ऐनवेळी बदलते, २०२४ ला ईद-ए-मिलादची १६ सप्टेंबरची १८ ला गेली, २०२३ ला २८ ची २९ ला. छापलेलं छापलेलंच राहतं. पण फोनवाल्यांनी लगेच उड्या मारू नका, माझ्या फोनमधल्या कॅलेंडरने २०२५ ला दिवाळी २० ऑक्टोबरला दाखवली, उत्तरेकडे बऱ्याच ठिकाणी तेव्हाच होती, पण आपलं लक्ष्मीपूजन २१ ला.

कागद जाड आहे, पेनाने लिहिलं तर मागे उमटत नाही, दुधाचा हिशोब लिहायला प्रत्येक चौकोनात रेघ सोडलीय. वरची दोरी मात्र पातळ आहे, आताच बदलून घ्या. लाँग वीकेंडवाल्यांसाठी: २६ जानेवारी सोमवार, ३ एप्रिल शुक्रवार, १ मे शुक्रवार, १४ सप्टेंबर सोमवार, २ ऑक्टोबर शुक्रवार, नाताळ पण शुक्रवार. पाचपैकी साडेतीन स्टार. बँकेचे शनिवार छापले की चार करतो.