दोनाचे चार फेजर : जुन्या एफ-१५० च्या दुरुस्तीत मला कसं गंडवलं

इथे अमेरिकेत जुनी फोर्ड एफ-१५० बाळगणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय. विशेषतः ज्यांच्याकडे २००४ ते २०१० च्या दरम्यानची, ५.४ लिटरच्या ट्रायटन इंजिनाची पिकअप आहे त्यांच्यासाठी. ह्या इंजिनाचे आजार जगजाहीर आहेत, आणि नेमकं त्याचंच भांडवल करून एका गॅरेजवाल्याने मला साडेतीन हजार डॉलरच्या वर चुना लावला.

माझी गाडी २००६ ची, मूळची ओहायोची. म्हणजे हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात ते मीठ खाऊन आलेली. कॅलिफोर्नियात आल्यावर तिचं मुख्य काम म्हणजे घराची डागडुजी, आणि गणपतीत ढोल, ताशे, मखराचे प्लायवुड वाहणं. मागच्या वर्षी पथकाचा सराव सुरू होण्याच्या सुमारास इंजिनातून टिकटिक यायला लागली. सकाळी गार इंजिन चालू केलं की शिवणयंत्रासारखा आवाज, ॲक्सिलरेटर दाबला की जास्त. फ्रीवेवर थोडं अंतर गेलं की गायब.

आता ५.४ ट्रायटन आणि टिकटिक हे दोन शब्द इंटरनेटवर एकत्र टाकून बघा. पहिलंच उत्तर येतं, कॅम फेजर. हा भाग कॅमशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, पुढच्या टोकाला बसतो आणि ऑइलच्या दाबावर व्हॉल्व्हचं टायमिंग मागेपुढे करतो. ऑइलचा दाब कमी पडला, कॅमशाफ्ट फिरवणारी चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरचं सील गळायला लागलं, की फेजर खडखडतो. आजार खरा आहे, सर्रास आहे आणि महागडा आहे. पूर्ण काम करायचं तर चेन, गाइड (चेन जागेवर ठेवणाऱ्या पट्ट्या), टेन्शनर सगळंच बदलावं लागतं. त्यामुळे गिऱ्हाईक गॅरेजच्या दारात येतं तेच अर्धं घाबरून. गॅरेजवाल्याला खोटं बोलायचीही गरज पडत नाही, नुसती मान डोलावली की झालं.

माझ्या गॅरेजवाल्याने तेच केलं. बॉनेट उघडलं, कान लावल्यासारखं केलं आणि म्हणाला, "फेजर. ह्या इंजिनांचं हे ठरलेलंच आहे. असंच चालवत राहिलात तर चेन सुटेल आणि इंजिनच जाईल." डॅशबोर्डवरचा ऑइलचा काटा मधोमध होता, तोही त्याने दाखवला आणि म्हणाला, काटा ठीक दिसतो तरी आत दाब नाही. ह्यातलं एकच खरं होतं, की काट्यावर भरवसा ठेवता येत नाही. त्या काळातल्या एफ-१५० चा तो काटा दाब मोजतच नाही. ठरावीक दाबाच्या वर गेला की मध्ये जाऊन उभा राहतो, बस्स. पण खरा दाब बघायला इंजिनाला मेकॅनिकल गेज लावता येतो आणि ते फार मोठं काम नाही. त्याने तो लावला नाही. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये साठणारे बिघाडाचे कोडही वाचले नाहीत. फेजर अडकला असेल तर कॅम टायमिंगचे पी००१२, पी००२२ असले कोड बऱ्याचदा सापडतात. बिलात मात्र "निदान" म्हणून १६५ डॉलर लावले.

एकूण बिल ३,६४० डॉलर. गाडी संध्याकाळी ताब्यात दिली तेव्हा इंजिन गरम होतं. चालू करून दाखवलं, आवाज नाही. काउंटरवर एक खोका ठेवला होता, त्यात काळे तेलकट फेजर. "हे बघा तुमचे जुने." मी त्यांचा फोटो काढला आणि खोका घेऊन घरी आलो.

दोन दिवसांनी गार सकाळी तीच टिकटिक.

पथकात आमचा एक मित्र आहे, साताऱ्याचा. त्याच्या वडिलांचं तिथे एमआयडीसीत गॅरेज होतं. तो ढोल उतरवायला आला होता, आवाज ऐकला आणि खोक्यात डोकावला. हसायलाच लागला. "भावा, ह्यात चार फेजर आहेत."

"मग?"

"मग तुझ्या इंजिनाला कॅम किती?"

व्ही-८ इंजिनाच्या दोन बाजू, आणि ह्या ट्रायटनमध्ये प्रत्येक बाजूला एकच कॅमशाफ्ट. म्हणजे कॅम दोन, फेजर दोन. चार फेजर असतात ते बाजूला दोन-दोन कॅम असलेल्या इंजिनांना, उदाहरणार्थ नंतरच्या एफ-१५० मधल्या ३.५ लिटर इकोबूस्टला. त्या इंजिनाचेही फेजर वाजतात, त्यामुळे गॅरेजच्या कोपऱ्यात असा काढलेला माल पडलेला असणं नवल नाही. आणि बिलात छापलेलं होतं, "कॅम फेजर, संख्या ४, नवीन". दोनच्या जागी चारचे पैसे लावण्याच्या हावरटपणात गडी सापडला.

मग मित्र टॉर्च घेऊन गाडीखाली गेला. नुसते फेजर बदलायचे असतील तर चेनला पाचर मारून, वरची व्हॉल्व्ह कव्हर काढून काम उरकता येतं. पण बिलात चेन, गाइड आणि टेन्शनरही होते. ते बदलायचे तर इंजिनाचं पुढचं टायमिंग कव्हर काढावंच लागतं, आणि त्याआधी क्रँकची पुली. पुलीच्या बोल्टवर जुना गंज तसाच, पान्याची एकसुद्धा चकाकती खूण नाही. कव्हर जिथे ब्लॉकला आणि हेडला मिळतं त्या सांध्यावर ताजं सीलंट दिसायला हवं होतं. तिथे वर्षानुवर्षांचा तेलमातीचा थर, बोट फिरवलं तर रेघ उमटेल असा. व्हॉल्व्ह कव्हरच्या बोल्टांनाही कुणी हात लावलेला नव्हता. ऑइल तेवढं बदललं होतं, ते स्वच्छ होतं. ह्या सगळ्याचे फोटो, बाजूला त्या दिवशीचं बिल धरून, काढून ठेवले. पुढे तेच कामाला आले.

आवाज कशाचा होता? एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातून धूर बाहेर नेणारा पाइप) इंजिनाला धरून ठेवणारा एक स्टड, म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट, तुटला होता, प्रवाशाच्या बाजूचा, अगदी मागचा. ह्या गाड्यांत हेही नेहमीचंच, आणि मिठाने गंजलेल्या गाडीत तर जास्तच. मॅनिफोल्ड गार असताना तुटक्या स्टडपाशी फट राहते आणि तिथून गॅस फुटतो, टिक टिक टिक. तापून प्रसरण पावला की फट बुजते. म्हणूनच गाडी मला गरम करून दिली होती! फेजरचं साधारण उलटं असतं. तो इंजिन नीट तापल्यावर, लाल सिग्नलला गाडी उभी असताना ठोकतो आणि आरपीएम वाढवले की दबतो. आवाज कधी येतो एवढं गॅरेजवाल्याने विचारलं असतं तरी त्याला कळलं असतं. माझी खात्री आहे की त्याला कळलंच होतं.

स्टडचं काम दुसरीकडे एका मेक्सिकन मेकॅनिकने केलं. तुटक्या टोकावर नट वेल्ड करून स्टड बाहेर काढला, त्या बाजूचे बाकीचेही बदलले, नवी गॅस्केट टाकली. सगळे मिळून सहाशे डॉलरच्या आत. मी न विचारताच त्याने तुटका तुकडा हातावर ठेवला.

ह्याच इंजिनाचं अजून एक दुखणं सांगून ठेवतो, कारण त्यावरही असाच धंदा चालतो. २००४ ते २००८ च्या बहुतेक गाड्यांतले स्पार्क प्लग दोन भाग जोडून केलेले आहेत. खालच्या नळीभोवती कार्बन साचतो, आणि काढताना ती तुटून हेडमध्येच राहते. खुद्द फोर्डने मेकॅनिकांसाठी काढलेली रीत अशी की प्लग जरासा सैल करायचा, कार्बोरेटर क्लीनर ओतून थांबायचं, मग पुढे-मागे फिरवत हळूहळू बाहेर घ्यायचा. तुटलाच तर काढायला खास हत्यारही मिळतं. काही गॅरेजवाले तुटलेल्या प्रत्येक प्लगमागे जादा पैसे लावतात. लावू देत, पण तुटलेल्या नळ्या मोजून मागून घ्या. "चार तुटले" असं ऐकायला मिळालं तर चार नळ्या दिसल्या पाहिजेत.

कॅलिफोर्नियात ह्या बाबतीत कायदा बऱ्यापैकी आपल्या बाजूने आहे. १९७१ च्या ऑटोमोटिव्ह रिपेअर ॲक्टनुसार गॅरेजने कामाआधी लेखी अंदाजपत्रक द्यायला हवं, तुमच्या संमतीशिवाय त्यावर एक डॉलर चढवता येत नाही, आणि बिलावर भाग नवा की जुना की रीबिल्ट ते लिहावं लागतं. काम देतानाच सांगितलंत तर जुने भाग परत द्यावे लागतात. जे कंपनीला परत पाठवायचे असतात ते निदान दाखवावे तरी लागतात. गॅरेजची राज्याकडे नोंदणी असते, तिचा नंबर बिलावर असतो. दुसऱ्या राज्यांत नियम वेगळे आहेत, ते तिथले बघून घ्या.

मी आधी गॅरेजवाल्याला फोन केला. तो म्हणाला, टेक्निशियनची टायपिंगची चूक, फेजर दोनच बदललेत. मग खोक्यात चार कसे, ह्यावर उत्तर नाही. मग ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरकडे, म्हणजे गॅरेजांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या खात्याकडे, तक्रार केली. तक्रारीला पैसे लागत नाहीत. फोटो, बिल, दुसऱ्या मेकॅनिकचा लेखी अभिप्राय, सगळं जोडलं. ब्युरो कुणाला पैसे परत करायला भाग पाडू शकत नाही, पण गॅरेजची नोंदणी त्यांच्या हातात असते, त्यामुळे त्यांचा माणूस चौकशीला आला की गॅरेजवाल्यांचा सूर बदलतो. ते जमलं नसतं तर स्मॉल क्लेम्स कोर्टाचा (छोट्या रकमांच्या दाव्यांचं कोर्ट) फॉर्म भरून ठेवलाच होता. तिथे वकील लागत नाही.

काही आठवड्यांनी ३,४७५ डॉलरचा चेक आला. सोबत दोन ओळींचं पत्र, की चूक मान्य नाही पण सदिच्छा म्हणून हे पैसे परत करत आहोत. निदानाचे १६५ डॉलर तेवढे कापून घेतले होते. ज्या निदानात काहीच तपासलं नव्हतं, त्याचे.