सोयाबीनला मस्त, पण नंतर बीट लावणार असाल तर थांबा (३ स्टार)
इमॅझेथापायर १० टक्के हे तणनाशक, इंदूरला छावणीतल्या एका दुकानातून घेतलं, एकरी ४०० मिली. सोयाबीन लहान असतानाच मारलं, तणाचे शेंडे पिवळे पडून हळूहळू सगळं बसलं, त्यात काही तक्रार नाही. दुकानवाला म्हणे भिया बिनधास्त मारो, जमिनीत काही राहत नाही. कसलं काय! ऑगस्टमधे पाऊस गायब, माती भेगाळली, आणि हे औषध मुख्यतः मातीतले जिवाणूच संपवतात, त्यांना ओल लागते, कोरड्यात ते गप्प बसतात, म्हणजे औषध तसंच पडून. सोयाबीन काढल्यावर आईच्या हट्टापायी कडेला दोन सऱ्या बीट लावलं, तर रोपं दोन पानांवरच आखडली, उपटून बघितलं तर मूळ काडीएवढं. बाजूचा गहू मात्र एकदम झकास! ग्लायफोसेट हे दुसरं तणनाशक कसं मातीला घट्ट चिकटून बसतं, हे तसं नाही, आपल्या काळ्या मातीत पाण्याबरोबर सरकतं. बाटलीसोबतच्या पत्रकात पुढच्या पिकाबद्दल लिहिलंय खरं, पण अक्षर एवढं बारीक की बाबांचं भिंग काढावं लागलं, तेही बीट मेल्यावर.