कपवाली स्पोर्ट्‌स ब्रा, खो-खो आणि छातीचं दुखणं: आठ महिन्यांनंतर

वापर: धाराशिवच्या मैदानावर खो-खोचा सराव, आठवड्यातून पाच दिवस, ऑक्टोबर ते मे. दोन ब्रा आलटून-पालटून.

दुखणं पळतानाचं असेल तर या ब्रानं फरक पडतो, पण माप बरोबर असेल तरच. स्तनात स्नायू नसतात. त्वचा आणि आतले तंतू तेवढे धरून ठेवतात. पळताना स्तन वर-खाली, आडवे, पुढे-मागे असे तिन्ही बाजूंनी हलतात. मग पोरी नकळत खांदे पुढं घेतात, पाऊल आखूड टाकतात, सूर मारायला कचरतात, आणि सरांना वाटतं दम कमी पडला. २०१२ च्या लंडन मॅरेथॉनमधल्या धावपटूंच्या पाहणीत जवळपास तिघींतल्या एकीनं हे दुखणं सांगितलं होतं. तेव्हा नाजूकपणा वगैरे काही नाही.

खरा भार खांद्यावरचे पट्टे नव्हे, बरगड्यांभोवतीची पट्टी पेलते. श्वास सोडून छातीखालचा घेर मोजा, मग भरल्या भागाचा. ३० आणि ३३ इंच आले तर फरक ३ इंच, म्हणजे माप ३० सी: ३० ही पट्टी, सी हा कप. दुकानदार ‘३४ न्या, सैल बरी’ म्हणेल, ऐकू नका. हात वर केल्यावर पट्टी सरकली तर ती सैलच. दोन बोटं जेमतेम आत जावीत, तीही सगळ्यात सैल हुकावर, कारण पुढं ती ताणतेच. समोर चेनवाली नको, सूर मारला की छातीच्या हाडावर रुतते. दोन साध्या ब्रा एकावर एक घालणं तर त्याहून वाईट: श्वास अडकतो, हलणं मात्र पुरतं थांबत नाही.

पाळीआधी दोन्हीकडं जड दुखतं, ते ब्रानं जात नाही. तीन महिने कॅलेंडरवर खूण करा, आपोआप कळतं. एकाच जागी कायम दुखणं, गाठ, त्वचेला खळी, बोंडातून रक्ताळ पाणी, यातलं काही असेल तर सराव सोडून आधी डॉक्टर.

तक्रार टिकण्याची. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून पावडर जास्त पडते. वर दगडावर घासणं आणि मे महिन्यातलं पत्र्यावरचं ऊन. इलॅस्टिक मरतं. गार पाण्यात दाबून धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. पण टॉवेलखाली लपवून नको. दमट राहते आणि पट्टीखाली पुरळ उठतं. एवढं सांभाळूनही सहाव्या महिन्यात हूक शेवटच्या रांगेवर आले. आठव्यात पट्टी वर सरकायला लागली.