संभाजीनगरातला शनिवार-रविवारचा सायटोलॉजी कोर्स: डीएमएलटीवाल्यांनी फी भरावी का?

रेटिंग ५ पैकी ४. लॅबचं नाव टाकत नाही कारण खाली थोडी किरकिर पण करायचीय.

कोणासाठी आहे ते आधी सांगतो. डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) नाहीतर बीएस्सी करून सीबीसी-शुगर-थायरॉईड मारत बसलेली आपली पोरं, ज्यांना मशीनमधी सॅम्पल घालून बटन दाबायचा कंटाळा आलाय, अन् सायटोलॉजी, म्हणजे मायक्रोस्कोपखाली पेशी बगून रोग ओळखणं, म्हणलं की "ते डॉक्टर बगतात, आपण फक्त स्टेन करून द्यायचं" एवढंच माहिती असतंय त्यांच्यासाठी. जालना, परभणी, लातूरहून येणारी पोरं होती आमच्या बॅचला, दोघी-तिघी नर्सिंग होममधल्या पण होत्या. सहा महिने, शनिवार-रविवार, फी १८,०००, जेवण आपलं आपण.

शिकवायला एक रिटायर्ड सायटोपॅथॉलॉजिस्ट (पेशी बगून रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टर) मॅडम. सगळा कोर्स म्हणजे मॅडम अन् त्यांचा मल्टिहेड मायक्रोस्कोप, बाकी काही नाही. एकाच स्लाईडवर पाच जण डोळे लावून बसायचं, मॅडम बाण फिरवत फिरवत विचारणार "हे काय दिसायलंय? न्यूक्लियस किती मोठा? शेजारच्या पेशीशी ताडून बग ना बाबा, नुसता एकटा काय बगतोस". यूट्यूबवर कितीबी व्हिडीओ बगा, फोटोत पेशी आधीच मधोमध आणून ठेवलेली असती, पण खऱ्या स्लाईडवर ती शोधायलाच तर पगार मिळतो. १०च्या ऑब्जेक्टिव्हवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, एक फील्ड दुसऱ्यावर थोडं चढवत, सगळी स्लाईड चाळायची अन् संशय आला तिथं शाईचा टिपका द्यायचा. हरभऱ्यातले खडे वेचल्यासारखं काम आहे, अन् खडा कधी कधी नसतोच, तरी बी तेवढ्याच लक्षानं बगावं लागतं. याच्यावरनं मॅडमनी अमेरिकेचं सांगितलं, तिथं १९८७ ला पेपरात आलं की काही लॅबवाले टेक्निशियनकडून ढिगानं स्लाईड वाचून घेतात अन् कॅन्सर निसटतात, मग १९८८ च्या कायद्यात नियम आला की एका माणसानं २४ तासात १०० च्या वर स्लाईड बगायच्या नाहीत, अन् निगेटिव्ह निघालेल्यातल्या किमान १० टक्के परत बगायच्या. आपल्याकडं असं कोण मोजतंय, जाऊ द्या.

पहिला महिना नुसता फिक्सिंग (पेशी आहे तशी टिकवणं) अन् स्टेनिंगचा (रंग देणं). सुरुवातीला बोर होतं पण खरा फायदा इथंच झाला. पॅपची (गर्भाशयमुखातल्या पेशींची) स्लाईड ओली असतानाच ९५ टक्के अल्कोहोलमधी गेली पाहिजे, सिस्टर स्लाईड ट्रेमधी ठेवून दुसऱ्या पेशंटकडं गेली की पेशी वाळून फुगतात, न्यूक्लियस मोठा अन् पुसट दिसतो, मग वर बसलेला माणूस काय डोंबल रिपोर्ट देणार. उलट गाठीतनं सुईनं पेशी ओढून करायच्या तपासणीत, म्हणजे एफएनएसीत, काही स्लाईड मुद्दाम हवेत वाळवायच्या जिमसा नावाच्या रंगासाठी अन् काही ओल्याच अल्कोहोलमधी टाकायच्या पॅपच्या रंगासाठी, कारण थायरॉईडमधलं कोलॉइड (घट्ट द्रव) जिमसात झकास उठून दिसतं अन् न्यूक्लियसची बारीक नक्षी पॅपमधी. पोटातल्या-छातीतल्या पाण्याची स्लाईड बाकीच्यांबरोबर एकाच जारमधी घालायची नाही, एका पेशंटच्या पेशी सुटून दुसऱ्याच्या स्लाईडवर जाऊन बसतात. मॅडमनी प्रत्येक गोष्टीची खराब झालेली स्लाईड जपून ठेवलीय, आधी ती दाखवतात मग चांगली. अशी शिकवण्याची पद्धत मी दुसरीकडं कुठं पाहिली नाही.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मॅडम आपल्याच विषयाची खोटी जाहिरात करत नाहीत. धाराशिव जिल्ह्यातला (तेव्हा उस्मानाबाद) गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा तो मोठा अभ्यास, टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल अन् आयएआरसी (डब्ल्यूएचओची कॅन्सर संशोधन संस्था) यांनी मिळून केलेला, १९९९ ला सुरू झाला, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बाया, खेड्यांचे ५२ गट. काही गटात एचपीव्हीची (ज्या विषाणूनं हा कॅन्सर होतो त्याची) टेस्ट, काहीत पॅप, काहीत व्हिनेगर लावून डोळ्यानं बगणं, अन् काहीत नेहमीचंच चालू ठेवलं. २००९ ला निकाल छापून आला: एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टनं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू साधारण निम्म्यावर आले, पॅपच्या गटात ठोस म्हणावा असा फरक दिसला नाही. आपल्या शेजारच्या गावातल्या बायांवरनं जगानं धडा घेतला अन् आपल्या टेक्निशियनला हे माहितीच नसतंय! २०२१ ला डब्ल्यूएचओनं बी पहिली तपासणी एचपीव्हीचीच करा असं सांगितलं. मॅडम सरळ म्हणाल्या, "फक्त पॅप वाचून पोट भरंल या भरवशावर येऊ नका, एचपीव्ही पॉझिटिव्ह आलेल्या बाईची पॅप, एफएनएसी, पाणी, सेल ब्लॉक (पेशींचा गोळा मेणात बसवून कापणं) हे सगळं यायला पाहिजे". फी घेणारं माणूस असं बोलतं का कधी?

आता कापलेला स्टार. एक, सर्टिफिकेट. ॲडमिशन घेताना ऑफिसातला मुलगा "याच्यावर दुबईत जॉब लागतो" म्हणला होता, ते साफ खोटंय. हे सर्टिफिकेट घरात फ्रेम करून लावायचं. ज्याला वजन आहे ती इंडियन अकॅडमी ऑफ सायटॉलॉजिस्ट्सची सायटोटेक्निशियनची अन् सायटोटेक्नॉलॉजिस्टची परीक्षा, बाहेर जायचं तर इंटरनॅशनल अकॅडमीची, ती वेगळी द्यावी लागती, त्यासाठी लागणारा अनुभव बी वेगळा जमवावा लागतो. मॅडमना विचारलं तर त्यांनी खरं सांगितलं, पण तोवर पैसे भरलेले असतात ना राव.

दोन, स्लाईडचा साठा. टीबीच्या गाठी रग्गड, थायरॉईड रग्गड, गुटखेवाल्यांच्या मानेतल्या गाठी पण भरपूर, आपल्या भागात तोटा नाहीच. पण एचएसआयएलच्या (कॅन्सरच्या आधीच्या, जास्त बिघडलेल्या पेशींच्या) स्लाईड मोजक्याच अन् त्याच त्याच, तिसऱ्या वेळेला पोरं स्लाईड न बगताच उत्तर द्यायलेत. लिक्विड बेस्डच्या (पेशी आधी द्रवात घेऊन बनवलेल्या) तर नावालाच होत्या. मधल्या काळात मॅडम बाहेरगावी होत्या तेव्हा असिस्टंटनं पीपीटी वाचून दाखवली, त्या शनिवार-रविवारचे पैसे परत मागावेसे वाटले.

नोकरीचं विचाराल तर, निव्वळ सायटोलॉजीची पोस्ट छोट्या गावात निघत नाही. घाटीसारखं (इथलं सरकारी मेडिकल कॉलेजचं) मोठं हॉस्पिटल, कॅन्सरचे दवाखाने, मेडिकल कॉलेजं, पुण्या-मुंबईच्या मोठ्या लॅब, तिथं किंमत आहे. २०२१ च्या अलाईड हेल्थच्या कायद्यात सायटोटेक्नॉलॉजिस्ट हे नाव यादीत आलंय, एवढं तरी झालं. पण ज्या लॅबमधी आहात तिथंच एफएनएसीच्या वेळी डॉक्टरशेजारी उभं राहून "सर मटेरियल कमी वाटतंय, अजून एकदा घ्या" म्हणता आलं तरी पेशंटची परत चक्कर वाचती.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे म्हणतेत. फी भरायच्या आधी दोनच गोष्टी विचारून घ्या, मॅडम स्वतः प्रत्येक शनिवारी बसणार का, अन् बॅचला पोरं किती. पाचाच्या वर घेणार असतील तर मल्टिहेडवर पाळी येईपर्यंत गाडीची वेळ होती, मग घरीच बसा.